बाहेरच्या बाजूला बांधलेलं पेन

२००३ साल. मी साठ वर्षांचा होतो. प्रवेशाचा फॉर्म मागितला की खिडकीतल्या बाई तो गजांतून बाहेर सरकवायच्या, अक्षरं समोरच्याकडे करून, आणि म्हणायच्या, "आपलं आपण."

पेन खिडकीच्या बाहेरच्या गजाला बांधलेलं. भिवंडीत दोरा विकत घ्यावा लागत नाही, कुठल्याशा लूमवरचं सूत होतं ते. पण इतकं आखूड, की आत बसलेल्या माणसाच्या हाताला पेन लागूच नये. मी एकदा म्हटलं, "बाई, पेन उलटं बांधलंय."

"सुलटंच बांधलंय, मामा."

मामा म्हणजे मी. एका कॉलेजात एकतीस वर्षं शिपाई होतो आणि शिपायाला सगळे मामाच म्हणतात. बाई तिथेच क्लार्क. आठवडाभर कॉलेजचं काम, रविवारी मुक्त विद्यापीठाची खिडकी. शाळा अर्धवट सुटलेली मोठी माणसं तिथे यायची. बाईंच्या उजव्या हाताला भाजलेल्या चण्यांचा डबा. समोरचा लिहायला अडला की बाई चणे खायच्या. मदत म्हणाल तर तेवढीच.

एक लूमवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, मेरा नाम आप ही लिख दो ना." बाई म्हणाल्या, "नाम किसका है? फिर कलम भी तुम पकडो." त्याने पाच मिनिटं लावून नाव लिहिलं. बाईंनी सात चणे खाल्ले, मी मोजले.

अंजूर गावची एक सून नवऱ्याबरोबर आली होती. बाई विचारतील ते नवराच सांगायचा. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ॲडमिशन तुमचं आहे का?" "नाही, हिचं." "मग तुम्ही त्या झाडाखाली जाऊन बसा." तो गेलासुद्धा!

आता माझं सांगतो. मी चौथी पास. निवृत्तीच्या समारंभात मला घड्याळ दिलं, शाल दिली. प्रिन्सिपल साहेब म्हणाले, मामा म्हणजे आपल्या कॉलेजचा खांब. मला राग आला. खांब काय, हलत नाही, बोलत नाही. मी माईक घेतला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी एम.ए. होऊन दाखवीन." लोक खूप हसले. टाळ्याही वाजवल्या, पण हसून.

पुढच्याच रविवारी खिडकीवर गेलो. "बाई, एम.ए.चा फॉर्म द्या."

तुम्ही म्हणाल, चौथी पास माणूस आणि एम.ए.? माझा हिशेब सरळ होता. बी.ए.चे वर्ग मी एकतीस वर्षं दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकले. आतली पोरं झोपायची, मी कधी झोपलो नाही. म्हणजे बी.ए. झालंच की! एम.ए.चे वर्ग आमच्याकडे नव्हते, तेवढंच राहिलं होतं.

बाई हसल्या नाहीत. फॉर्म सरकवला. "आपलं आपण."

नाव लिहिलं. पत्ता लिहिला, मुक्काम कोन गाव. वय लिहिलं. पुढचा रकाना होता, पदवी कोणत्या वर्षी मिळाली. मी वर पाहिलं. बाई चणे खात होत्या.

"हे कशाला पाहिजे तुम्हाला?"

"मला नको. फॉर्मला पाहिजे."

मग बी.ए.चा फॉर्म मागितला. त्यात बारावी विचारली होती. तेव्हा बाईंनी आपणहून तिसरा कागद पुढे केला, पूर्वतयारीचा. ज्याला लिहिता-वाचता येतं त्याने तो भरायचा, परीक्षा द्यायची आणि मग बी.ए.ला बसायचं. सगळ्यांत खालची पायरी. मी तिन्ही कागद तिथेच टाकले आणि घरी आलो. एम.ए. बोललेला माणूस खाली कसा बसणार? ते कॉलेजवाले व्हरांड्यात उभे राहून हसतील!

दोन रविवार गेलो नाही. बायको म्हणाली, "तुमाला शिकायचा हाय का लोकांना दाखवायचा हाय? दाखवायचा आसल त ती शाल घालून बसा."

तिसरा रविवार शेवटच्या तारखेचा. गेलो. रांगेत उभा राहिलो. नेमके एक प्राध्यापक आले. "काय मामा, झालात का एम.ए.?"

मी काही बोलण्याआधी आतून बाईंचा आवाज आला, "सर, ते आमचे विद्यार्थी आहेत. रांगेत मधे उभे राहू नका."

सर बाजूला झाले. एकतीस वर्षांत माझ्यासाठी कोणी बाजूला झालं नव्हतं. मी पूर्वतयारीचा फॉर्म घेतला आणि सरसर भरला. नाव, पत्ता, वय, सही. काय काय पास झालात, असं त्यात कुठेच विचारलेलं नव्हतं. एकही रकाना रिकामा राहिला नाही.

पूर्वतयारी झाली. मग बी.ए.ची तीन वर्षं. दर वर्षी निकाल घ्यायला गेलो की बाई गुणपत्रिका माझ्याकडे तोंड करून सरकवायच्या. दुसऱ्या वर्षी इतिहासात अडकलो, तेव्हा म्हटलं, "बाई, पेपर अवघड होता." बाईंनी पुढच्या परीक्षेचा फॉर्म दिला आणि डब्याचं झाकण उघडलं.

२००७ साली मी बी.ए. झालो. त्याच महिन्याच्या अखेरीस, शनिवारी, बाई निवृत्त झाल्या. त्यांनी भाषण केलं नाही. समारंभ संपल्यावर मला खिडकीपाशी बोलावलं, ड्रॉवरमधून एक पिवळा पडलेला कागद काढला. माझाच एम.ए.चा फॉर्म. नाव, पत्ता, वय, आणि पुढे कोरा.

"एकच अडलं होतं ना, मामा?"

मी सुताचं पेन धरलं आणि लिहिलं, २००७. त्या दिवशी पहिल्यांदा बाईंनी कागद स्वतःकडे फिरवून घेतला. सावकाश वाचला. घडी करून पर्समध्ये ठेवला.

"अहो, तो माझा फॉर्म."

"चार वर्षं जुना आहे, चालणार नाही. नवा उद्या घ्या." आणि डबा पुढे केला. "चणे घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. खिडकीत नवे क्लार्क होते, भला माणूस. एम.ए.चा फॉर्म त्यांनी आपल्यापुढे ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "बोला काका, मी भरतो. तुम्ही कुठे त्रास घेता?"

मी गजांतून हात घातला, फॉर्म माझ्याकडे फिरवून घेतला आणि सुताला लोंबणारं पेन धरलं.