बुडबुडा चालतो

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. समोर दिवा लावलेला पांढरा पडदा, त्याच्यापुढून सरकत जाणाऱ्या बाटल्या आणि खुर्चीवर हाताला फडकं गुंडाळून बसलेली ही. तडा गेलेली, काठाला टवका उडालेली, बूड वाकडं असलेली बाटली दिसली की हात आपोआप पुढे जायचा आणि बाटली खालच्या टोपलीत खळ्ळकन फुटायची. नव्या मुलींना शिकवताना तिचा पहिला धडा ठरलेला असे. "तडा चालत नाही. बुडबुडा चालतो." काचेत टाचणीच्या टोकाएवढा हवेचा बुडबुडा राहिला म्हणून बाटलीचं काही बिघडत नाही. तसल्या बाटल्या काढत बसलं तर कारखान्याला टाळं लागेल. सुरुवातीला प्रत्येकीला नेमके बुडबुडेच दिसतात आणि तडे निसटतात. मग हळूहळू डोळा बुडबुडे बघायचं सोडून देतो. घारीच्या डोळ्याने ते केव्हाच सोडलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

ही नजर कारखान्यातच ठेवून घरी यावं की नाही? पण नाही. भाजीवालीच्या टोपलीपासून भावाला सांगून आलेल्या मुलींपर्यंत सगळं त्या दिव्यापुढे धरलं जायचं. धाकट्याच्या लग्नाला उशीर झाला तो त्यामुळेच. अखेर भावजय घरात आली ती घारीच्या तपासणीतून पार पडलेली एकुलती एक मुलगी, आणि ती बिचारी आपला हा मान कधी विसरली नाही.

धाकटा म्हणजे घारीचा जीव की प्राण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, त्यापायी तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं आणि राहून गेलं ते तिने कधी मोजलंही नाही. तो न्हावी होता. दुकानात केस कापायला कमी आणि गप्पा मारायलाच जास्त माणसं. लहान पोरं त्याच्या खुर्चीत रडत नसत, कारण कात्री हातात घेतली की आधी हाच भोकाड पसरायचा आणि पोरं रडायची विसरून त्याच्याकडे बघत बसायची.

अशा माणसाच्या दोन्ही किडन्या गेल्या. घार डॉक्टरांना म्हणाली, "माझी एक काढा." भावजय चाचरत म्हणाली, "ताई, तुमचं वय..." तर म्हणे, "वय मला आहे, किडनीला नाही. ती अजून तरणीताठी आहे."

ऑपरेशन दूरच्या मोठ्या रुग्णालयात व्हायचं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघून विचारलं, "यांना लहानपणी कांजिण्या झाल्या नाहीत का?" नव्हत्या झाल्या. घारीला झाल्या होत्या, तेव्हा आईने धाकट्याला त्याच दिवशी मावशीकडे धाडलं होतं. आई पुढे जन्मभर सांगत असे, "एका लेकराच्या अंगाला तरी मी डाग लागू दिला नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लागू दिला असता तर बरं झालं असतं. आता लस देऊन थांबायला वेळ नाही आणि ऑपरेशननंतर ती देता येत नाही. किडनी टिकावी म्हणून जी औषधं देऊ, त्यांनी यांच्या अंगातली लढायची ताकदच मारली जाणार. साधी सर्दी यांना साधी नाही आणि कांजिण्या तर नकोतच. ताप, खोकला, अंगावर काही उठलेलं, असं कुणी दिसलं की लांब राहायचं. संशय आला तर लगेच या. लगेच आलात तर इंजेक्शन आहे."

घारीने हे सगळं डोक्यात कोरून ठेवलं. जपायचं म्हटल्यावर तिच्यासारखी जपणारी कोण होती? मला विचाराल तर जपणं हीच मोठी फसवी गोष्ट आहे, माणसाला वाटतं आपण दाराशी पहारा देतोय, पण ते असो.

ऑपरेशन उत्तम झालं. बहिणीची किडनी भावाच्या पोटात जन्मापासून तिथेच असल्यासारखी नांदायला लागली. काही महिन्यांनी घरी जायची परवानगी मिळाली. आगगाडीचा लांबलचक प्रवास आणि डब्यातली गर्दी नको, म्हणून विमानाने जायचं ठरलं. दोघांनी जन्मात विमान आतून पाहिलेलं नव्हतं. धाकटा लहान पोरासारखा खूश होता.

विमानतळाच्या हॉलमध्ये तिने कामच सुरू केलं. समोरून माणसं सरकत होती आणि ती एकेक निवडत होती. शिंकणारा तो, शाल घेतलेली ती, लाल डोळ्यांचा विद्यार्थी, नाक पुसणारा साहेब. "त्याच्या बाजूला जाऊ नकोस. तिकडे तोंड कर. मास्क वर घे." धाकटा मास्कमधून हसत म्हणाला, "ताई, सगळ्यांनाच टोपलीत टाकलंस तर विमान कोण चालवणार?"

विमानात खिडकीशी धाकटा, मधे घार, आणि कडेच्या जागेवर येऊन बसले एक म्हातारेबुवा. बसले आणि खोकले. तो खोकला असा, की दोन रांगा पुढच्या माणसाने वळून पाहिलं. घार लगेच त्यांच्याकडे वळली.

"तुम्हाला बरं नाहीये, मग प्रवास कशाला करता?" तिने विचारलं.

"अहो बाई, माझ्या बाबतीत यालाच बरं असणं म्हणतात," म्हातारा म्हणाला. "पिठाच्या गिरणीत जन्म गेला. हा खोकला माझ्या लग्नाआधीचा आहे. बायकोलासुद्धा कधी लागला नाही."

"सगळे असंच म्हणतात." घारीने हवाई सुंदरीला हाक मारली, भावाचं ऑपरेशन मोठ्याने सांगितलं, म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. सगळं विमान बघायला लागलं. म्हातारा रुमालात तोंड खुपसून खोकला दाबायला लागला, त्याने तो आणखी वाढला. "ताई, पुरे ना," धाकटा हळूच म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण ती कुठली ऐकते?

हवाई सुंदरीने पुढच्या एका रांगेतल्या दोन रिकाम्या जागा दाखवल्या. खिडकीशी एक तरुण आई, मांडीवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी. घारीने दोघींना आपल्या नजरेखालून घातलं. आई ठणठणीत. पोरीचं नाक कोरडं, डोळे स्वच्छ, गाल टवटवीत. उजव्या कानामागे टाचणीच्या टोकाएवढा एक फोड, त्यात पाण्यासारखं काहीतरी. तोही तिला दिसला. दिसला आणि नजर पुढे गेली.

"कालपासून जरा किरकिर करतेय, अंगही थोडं कोमट आहे," आई म्हणाली. "दात येतायत."

"दात येताना होतंच," घारच म्हणाली आणि धाकट्याला मधल्या जागेवर बसवलं.

मग त्या प्रवासात धाकट्याला कित्येक महिन्यांनंतर कुणीतरी मोकळेपणाने हात लावला. पोरीने त्याचा मास्क ओढला. त्याने दुकानातलं आपलं भोकाड पसरलं, तशी ती खिदळायला लागली, त्याच्या मांडीवर आली, लाळेने ओला हात त्याच्या तोंडावर फिरवायला लागली. एरवी घारीने हे चालू दिलं नसतं. पण ती सगळा वेळ मान वळवून मागे बघत होती. म्हातारा खोकला की दचकत होती, खोकल्याचा वारा इकडे येतोय का ते बघत होती. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

घरी आल्यावर पंधरवडा सुखात गेला. "त्या खोकल्यातून वाचवलं बाई मी याला," असं ती भावजयीला रोज सांगायची. मग धाकट्याला ताप आला. पाठ दुखायला लागली. दुपारी घामाने भिजलेला सदरा बदलताना खिडकीतलं ऊन त्याच्या छातीवर पडलं आणि तिथे एक फोड दिसला. टाचणीच्या टोकाएवढा, आतून चमकणारा. तिने तो लगेच ओळखला. कांजिण्या म्हणून नंतर, आधी कानामागचा म्हणून ओळखला. हातातला सदरा तसाच टाकून तिने भावजयीला हाक मारली.

रुग्णालयात डॉक्टरांनी हात टेकेपर्यंत सगळं केलं. फुप्फुसात पसरलंय, म्हणाले. विमानातून उतरल्या उतरल्या आला असता तर इंजेक्शन देता आलं असतं, म्हणाले. "कुणाच्या अंगावर असं काही पाहिलं होतं का?" त्यांनी विचारलं. घार बोलली नाही. भावजयीने त्या म्हाताऱ्या खोकलेकराला शिव्याशाप दिले आणि घारीने तेही ऐकून घेतलं.

धाकट्याला मात्र सांगायचंच असं तिने ठरवलं. त्याच्या उशाशी बसून तिने तोंड उघडलं. तर तोच धापा टाकत म्हणाला, "पोरगी बरी झाली असेल ना गं?"

"कुठली पोरगी?"

"विमानातली. तिच्या कानामागे होता ना एक? मी पाहिला होता. न्हाव्याची नजर आधी कानामागेच जाते." तो थांबला, श्वास गोळा केला. "पण तू तिला नीट बघितलं होतंस आणि काही बोलली नाहीस. म्हटलं, ताई बोलली नाही म्हणजे चालतं."

तो गेला. तिची किडनी त्याच्या पोटात शेवटपर्यंत नीट चालत होती, असं डॉक्टर सांत्वन करायला म्हणाले. अशी सांत्वनं माणसांना कोण शिकवतं कोण जाणे. तिला वाटलं, तीही का नाही बिघडली, निदान त्याच्याबरोबर माझं काहीतरी मेलं असतं. रडावं म्हटलं तर रडूही येईना.

काही दिवसांनी ती कामावर गेली. घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा बाटल्या बऱ्या, असं शेजारणी म्हणाल्या. ती खुर्चीवर बसली, फडकं गुंडाळलं, दिवा लागला, बाटल्या सरकायला लागल्या. तिचा हात पुढे गेला. खळ्ळ. पुन्हा गेला. खळ्ळ. टोपली भरली, दुसरी आणली, तीही भरली. पलीकडे खोक्यांत बाटल्या भरणाऱ्या बायका रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या. सुपरवायझर धावत आला आणि त्याने बाटल्यांचा सरकता पट्टा बंद केला. टोपलीच्या वर पडलेली एक आख्खी राहिलेली बाटली त्याने उचलून दिव्यापुढे धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"अहो घारबाई, यात तडा कुठे आहे? हा तर बुडबुडा आहे," तो नरमाईने म्हणाला. "तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना? बुडबुडा चालतो."

"नाही चालत," ती म्हणाली आणि त्याच्या हातातून ती बाटली घेऊन तिने टोपलीत फोडली.