पंपाच्या चाकावरची पिंजर

मेकॅनिककडे गाडी द्यायची म्हणजे कमीपणा, म्हणून आमच्या यजमानांनी डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायला घेतला. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता ना! एवढ्या शिक्षणावर तर लोक पुढारी होतात.

मुहूर्तही नामी. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला कणकवलीला न्यायचं होतं. एक डोळा केव्हाच गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू. तारीख दोनदा पुढे ढकललेली, एकदा भातकापणीसाठी, एकदा काजूसाठी. "सरांदे गो हंगाम," असं सासूबाईच म्हणाल्या आणि आम्ही लगेच ऐकलं. एरवी त्यांचं कोण ऐकतंय? या खेपेला जाता जाता आंबेही पोचवायचे, म्हणून मागच्या सीटवर पेट्या आधीच चढल्या होत्या. आई काय, कोपऱ्यात मावेल.

जुना बेल्ट काढण्याआधी यजमानांनी माझ्या लाल नेलपॉलिशनं त्याच्या दातेरी चाकांवर आणि शेजारी इंजिनावर खुणा केल्या. नवा चढवताना खुणेला खूण जुळवायची, बस्स. अर्धं काम टाकून ते जेवले, मग येऊन जुळवलं. चावी फिरवली. बराच वेळ कण्हून इंजिन सुरू झालं, खडखडलं आणि पांढऱ्या धुरात आमचं घरापुढचं खळं दिसेनासं झालं.

शेजारचे काका धावत आले. "डिझेलात पाणी आसा रे," बोनेटमध्ये न बघताच त्यांनी निदान केलं. फिल्टर उघडून झाला, बंद करून झाला. मग नवा बेल्टच खोटा ठरला. आपलंच काही चुकलं असेल, हे कुणाच्या मनाला शिवलंही नाही. पुरुष माणसं ती!

शेवटी मीच टॉर्च घेऊन वाकले. डिझेल पंपाच्या चाकावर एका दाताच्या अंतरानं दोन लाल खुणा होत्या. एक ग्रीसनं काळवंडलेली, दुसरी लालभडक. यजमानांनी लालभडक तीच जुळवलेली. तिच्यावर बोट फिरवलं, तर बोट लाल. नेलपॉलिश असं कधी निघतं? ती देवघरातली पिंजर होती, पूजेचं कुंकू.

"आई! इंजिनाक पिंजर कोणी लावल्यान?"

सासूबाई पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. "तुमी जेवत होतात तेवा मियां लावलंय. नव्या कामाक नमस्कार नको? पण मदीच लावलंय गो, बरोब्बर मदी."

चाकाच्या मध्यापासून ती खूण चांगली चार बोटं लांब होती.

याच डोळ्यानं ही बाई रोज आमच्यासाठी विळीवर मासे कापत होती आणि आम्ही हंगाम सरायची वाट बघत होतो. लाज वाटली मला. यजमानांनी मान खाली घालून पाना उचलला.

बेल्ट एक दात सरकला आणि इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. ना धूर, ना खडखड. "सांगलंय नाय, डिझेलच वायट!" काका म्हणाले.

सासूबाईंनी आवाज ऐकला. "झाली मां गाडी? मगे उद्या आंबेच न्या सगळे. माझा काय, फुडल्या म्हयन्यात बगू."

"आये, गप रव," यजमान म्हणाले. मग मागचं दार उघडून त्यांनी पेट्या एकेक करून खाली उतरवल्या, सगळ्या.