लॅटिनचे माहेर

"आपलीच लेक हो! सासरी गेली आणि उच्चार बिघडला."

कोणताही लॅटिन शब्द कानावर पडला, की आमचे शास्त्रीबुवा तपकिरीची चिमूट नाकाशी थांबवून हे सांगत. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत ते संस्कृत शिकवीत, मी गणित, घरेही शेजारी. म्हणजे सुटका नाही.

लॅटिन ते पाद्रीबाबांकडे शिकले. प्रत्येक धड्यानंतर घरी येऊन विहिरीवर स्नान. "विद्या घ्यावी, विटाळ घेऊ नये." त्यामुळे थंडीच्या दिवसांत त्यांचे लॅटिन मंदावे.

त्या भाषेला द्विवचन नाही हे कळले, तेव्हा त्यांना जेवण गेले नाही. "एवढं साम्राज्य, आणि दोघांची सोय नाही?" मग द्विवचनाची रूपे त्यांनी स्वतःच करून दिली आणि शाळेतल्या लॅटिन घेतलेल्या मुलांकडून घोकून घेतली. परीक्षक साहेबाने मुलांना भोपळा दिला. बुवांना साहेबाचीच कीव आली.

त्यांचा सर्वांत मोठा शोध म्हणजे 'विदुआ'. हा रोमन शब्द म्हणजे आपलीच विधवा, असे ते सिद्ध करणार होते. वाचनालयात व्याख्यान ठरले, आणि त्याच आठवड्यात कल्याणला त्यांचे जावई वारले. मुलगी जेमतेम सतरा वर्षांची. दहाव्याला तिचे केस काढायला न्हावी येणार होता. "आईला सांगा, त्याआधी मला घेऊन जा," असा तिचा निरोप आला.

"शास्त्रापुढे आपण कोण?" बुवा म्हणाले. "व्याख्यान होऊ द्या, मग बघू."

व्याख्यान झाले. विधवेचे कुळ, लिंग, विभक्ती, सारे सिद्ध झाले. टाळ्या पडल्या. वहिनी, म्हणजे बुवांच्या पत्नी, जन्मात कुठे एकट्या गेल्या नव्हत्या. त्या तेवढ्यात आगगाडीने कल्याण गाठून लेकीला घेऊनही आल्या. "दहाव्याच्या आत मुलगी माहेरी न्यायची आमच्याकडे रीतच आहे," असे त्यांनी व्याह्यांना ठणकावले होते. अशी रीत कोठेही नाही. पण रीत म्हटल्यावर व्याह्यांनी मुलीला जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते भटजींना आणि न्हाव्याला घेऊन दारात हजर. "शास्त्रीबुवा, ही रीत कुठल्या ग्रंथात सांगितलीय?"

वहिनींचा चेहरा उतरला. खरे सांगितले असते, तर मुलगी तिथल्या तिथे परत गेली असती. बुवा उंबऱ्यात उभे होते. शास्त्राला भिणारा माणूस. मला वाटले, आता खरे बोलतातच.

"आहे," बुवा म्हणाले. "फार जुनी आहे. ग्रंथ तुम्हाला मिळायचा नाही."

त्यांच्या व्युत्पत्त्यांना मी वर्षानुवर्षे हसलो. त्या एका थापेसाठी मात्र ते मला फार आवडले.

आत मुलगी रडू लागली, आणि न्हाव्याने आपली धोकटी उचलून परतीची वाट धरली.