कानपूरच्या गाठीतला शर्ट

आयुष्यातलं पहिलं मुलाखतीचं पत्र मी शर्टाच्या खिशात ठेवलं, शर्ट काढून कापडाच्या ढिगावर ठेवला, आणि मग स्वतःच्या हातानं प्रेसचा पंप चालू करून पत्र, शर्ट आणि ढीग यांची एक घट्ट गाठ बांधली. ती गाठ कानपूरला जायच्या मालात गेली. यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही. दोष देण्यासाठी आसपास कोणी नव्हतंच, नाहीतर मी तो दिला असता. पण त्या गाठीविषयी सांगायचं तर आधी प्रेसवाल्या चाचांविषयी सांगायला हवं. कारण नुसती थाप मारून कापडाची गाठ ओळखणारा माणूस अख्ख्या भिवंडीत एकच होता, आणि भिवंडीबाहेर अशा माणसाची कोणाला गरज असेल असं वाटत नाही.

निजामपुऱ्याच्या एका गल्लीत त्यांची शेड होती. आजूबाजूच्या यंत्रमागांवरून निघालेलं कापड तिथं यायचं, पुरुषभर उंचीचा ढीग रचला जायचा, मग तेलाच्या दाबानं वरचा जाड पोलादी पाट खाली यायचा आणि ढिगाची गुडघ्याएवढी गाठ व्हायची. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर लोखंडी पट्ट्या. बस, एवढंच काम. पण चाचा ते असं करायचे, की जणू रोज बावीस गाठी नव्हे, बावीस पोरी सासरी धाडायच्या आहेत. प्रत्येक गाठीला निघताना दोन थापा. कलिंगडाला मारतात तशा. ‘‘ही मंगळवारची, जेवणानंतरची,’’ ते कान लावून सांगायचे, आणि ते खरं निघायचं. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणीच्या. वडील कोर्टात कारकून. बारावीच्या निकालानं मी लेखणीची वाट स्वतःच बंद करून घेतली आणि ‘मला हायड्रॉलिक्स शिकायचंय’ असं जाहीर केलं. म्हणजे काय, हे घरात कोणालाच माहीत नसल्यामुळे विरोध झाला नाही. बाबांनी कधी चाचांचा कसलासा अर्ज लिहून दिला होता, त्या ओळखीवर मी शेडमध्ये उभा राहिलो. चाचांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘‘बाप काय करतो?’’ ‘‘कारकून आहेत.’’ ‘‘मंग तू बी कारकूनच. चल कारकून, तो पाना दे.’’ मी पेचकस दिला. पुढची दोन वर्षं माझं नाव कारकून.

त्यांची शिकवण्याची पद्धत कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही. दाब दाखवणाऱ्या घड्याळाला त्यांनी रुमाल बांधून ठेवला होता. ‘‘काट्याकडं बघशील तर काट्याचा गुलाम होशील. पंप काय बोलतो ते ऐक.’’ तेल बदलायचं की नाही, हे ते अंगठा आणि बोटात थेंब चोळून, अत्तरासारखा वास घेऊन ठरवायचे. प्रेसच्या वाल्व्हना हवा पुरवणाऱ्या नळ्या कुठं गळतात ते बघायला त्यांच्याजवळ दाढीचा ब्रश होता. साबणाचा फेस करून सगळ्या सांध्यांना लावायचा. जिथं बुडबुडा, तिथं गळती. यंत्राची दाढी रोज सकाळी, स्वतःची फक्त शुक्रवारी. पण खरी गंमत वीज गेल्यावर. मागांचा खडखडाट एकदम थांबायचा आणि ओरडून बोलायची सवय झालेली माणसं त्या शांततेतही ओरडतच राहायची, त्यामुळे सगळ्या गल्लीला एकमेकांच्या घरातलं कळायचं. लोक वारा खायला बाहेर यायचे, तेव्हा चाचा उलट आत पळायचे. टाकीत हवा भरलेली असायची आणि गळतीची बारीक ‘सुईऽऽ’ फक्त तेव्हाच ऐकू यायची. ‘‘चूप! सगळे चूप!’’ ते आतून ओरडायचे, आणि निजामपुऱ्यातली भांडणं दोन मिनिटं खरोखर थांबायची. एकदा मी दाब न सोडताच सांधा उघडला आणि डोक्यापासून पायापर्यंत तेलानं न्हालो. चाचा शांतपणे म्हणाले, ‘‘चांगलं झालं. आता तू गंजणार न्हाय.’’

त्यांच्या आयुष्याचं एकच स्वप्न होतं आणि त्याचं नाव ‘आपोआप’. पाट खाली जावा, गाठ हवी तेवढी दबली की आपोआप थांबावा आणि आपोआप वर जावा. माणसानं प्रेसच्या दांड्याला हातसुद्धा लावू नये. आग्रा रोडच्या भंगारातून आणलेल्या ट्रकच्या हवेच्या ब्रेकमधल्या दट्ट्यांवर हा उद्योग चालला होता. दहातल्या सहा वेळा तो चालायचा. त्या भरात त्यांनी घरच्या दारालाही एक दट्ट्या बसवला. ईदला चाचींचा भाऊ आला, तेव्हा दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं आणि पाहुणा शिरखुर्म्याच्या पातेल्यासकट ओसरीवर आपोआप बसला. चाचींनी तो दट्ट्या त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला दिला. मग सगळं ‘आपोआप’ शेडपुरतं राहिलं, आणि तिथं त्यांना माझी गरज पडली. कारण त्यांना नकाशा काढता यायचा नाही. मी एका जुन्या पुस्तकातून नळ्यांच्या आणि वाल्व्हच्या खुणा पाठ केल्या होत्या. वाल्व्हची खूण म्हणजे एकाला एक लागून चौकोन. ते पाहून चाचा खूश झाले. ‘‘ही तर चाळ हाय! या खोलीतनं हवा आत, त्या खोलीतनं बाहेर.’’ तेव्हापासून मी कॅलेंडरच्या पाठीमागं चाळी काढायचो आणि ते वरून बोट फिरवत हवेला घरं दाखवायचे. नववं कॅलेंडर चालू होतं. दहातल्या आठ वेळांपर्यंत आम्ही पोचलो होतो.

अशात ठाण्याजवळच्या एका कारखान्याचं पत्र आलं. हायड्रॉलिक्स म्हणजे तेलाचा दाब, न्यूमॅटिक्स म्हणजे हवेचा, आणि स्वयंचलित यंत्रं, एक वर्षाचं प्रशिक्षण, मुलाखत बुधवारी सकाळी अकराला, मूळ पत्राशिवाय प्रवेश नाही. अर्जाला लागणारा अनुभवाचा दाखला चाचांनीच दिला होता. त्यांच्याजवळ शिक्का नव्हता, म्हणून गाठींवर मारायचा ठसा त्यांनी मारला. माझ्या अनुभवाखाली ठळक काळ्या अक्षरांत होतं, ‘पाण्यापासून जपा’. पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. ‘‘जा, जा. मोठा इंजिनेर हो.’’ थोड्या वेळानं ब्रशला साबण लावता लावता म्हणाले, ‘‘मंग चाळी कोण काढंल?’’ मी म्हटलं, ‘‘चाचा, मी रविवारी येईन की.’’ त्यांनी अगदी स्वच्छ, कोरड्या सांध्याला पुन्हा फेस लावला.

मंगळवारी दुपारी चाचा नमाजला गेले. मी कधी एकट्यानं गाठ बांधली नव्हती. जाण्याआधी एक तरी बांधावी, असं डोक्यात आलं. मे महिना, शर्ट घामानं भिजलेला, तो काढला. पुढचं सांगून झालंच आहे. संध्याकाळी खिसा चाचपायला गेलो आणि हाताला बनियन लागलं. तोवर माल गावाबाहेर पूर्ण्याच्या गोदामात गेला होता आणि सकाळी कानपूरला निघणार होता. चाचांनी रिक्षा बोलावली. मी वाटेत रडकुंडीला आलो, तर ते म्हणाले, ‘‘घाबरतो काय? तुझ्या हातची गाठ! ती तर बहिऱ्यालाबी कळंल.’’

गोदामात बावीस गाठी ओळीनं उभ्या होत्या. चाचा एकेकीला थाप मारत गेले. मी बनियनवर, हात जोडून मागं. आठव्या की नवव्या गाठीवर त्यांचा तळहात जरा जास्त वेळ राहिला. मला वाटलं, दमले. मग ते पुढं गेले, शेवटपर्यंत गेले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘‘न्हाय. न्हाय कळत. चल.’’ मी विश्वास ठेवला. रिक्षात ते सगळी वाट बाहेर बघत बसले. मला वाटलं, माझ्या मूर्खपणाचा राग आला असेल, आणि मी तो मोठ्या मनानं समजून घेतला.

बुधवारी सकाळी साडेसातला दारात चाचा. दोन वर्षांत ते आमच्या घरी पहिल्यांदाच आले होते. हातात माझा शर्ट, पापडासारखा चपटा, बटणं फुटलेली. ‘‘सापडलं,’’ म्हणाले. पत्रावर बटणांचे चार गोल ठसे उठले होते, पण अक्षर न् अक्षर शाबूत. मी पत्र ओढून घेतलं, दुसरा शर्ट चढवला आणि एसटी पकडायला असा धावलो, की कोपऱ्यावर वळताना मागं पाहिलं तर चाचा अजून आमच्या उंबऱ्याबाहेरच होते, तो चपटा शर्ट हातात धरून.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी पत्रावरच्या ठशांवरून बोट फिरवलं. ‘‘हे काय?’’ म्हटलं, ‘‘सर, शंभर टनांचा प्रेस.’’ ते इतके हसले, की पुढचे प्रश्न सोपे झाले. मग ठाणे, मग पुणे, मग ज्यांच्या दांड्याला कोणीच हात लावत नाही अशी यंत्रं. चाचांना हवं होतं ते सगळं मी बघितलं. सगळं आपोआप, दहातल्या दहा वेळा. रविवारी येईन म्हटलं होतं, ते दोनदा गेलो, मग दिवाळीला, मग पत्रानं. कारखान्यात कधी वीज गेली, की मी अजूनही कान टवकारतो. पण तिथं सगळे सांधे पक्के, कुठंच काही ‘सुईऽऽ’ करत नाही. अशा वेळी कोणीतरी आतून ‘‘चूप! सगळे चूप!’’ ओरडावं असं इतकं वाटतं, की माझंच तोंड उघडं राहतं आणि हाताखालची माणसं विचारतात, सर, पाणी देऊ का?

निजामपुऱ्यात पुन्हा गेलो तेव्हा चाचांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेडमध्ये कोणी पुठ्ठ्याची खोकी रचली होती. चाचींनी मला ओसरीवर बसवलं. मी त्यांना म्हटलं, ‘‘चाची, त्या दिवशी चाचांनी इतक्या गाठी पुन्हा उघडून पाहिल्या असतील. किती त्रास दिला मी!’’

‘‘इतक्या?’’ चाची म्हणाल्या. ‘‘एकच उघडली. तिच्यावर हात पडताच कळली होती त्यांना. घरी आले, ताटावर बसले न् उठले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, मी कारकुनाशी खोटं बोललो. पत्र गेलं तर पोरगा इथंच राहील, असं मनात आलं. सकाळी बांग व्हायच्या आधी निघाले पूर्ण्याला.’’

मी म्हटलं, ‘‘तेव्हा मला काही कळलंच नाही, चाची.’’

‘‘ते जाऊ दे. परत आले तेव्हा मी त्यांना विचारलं, पहिल्यांदा गेला पोराच्या घरी, चहा घेतला काय? तर म्हणाले, त्याला घाई होती.’’ चाचींनी माझ्यापुढं कप सरकवला. ‘‘हुशार तू कधी नव्हतास, बाबा, ते आम्हाला माहीत होतं. पण दारात आलेल्या माणसाला चहा विचारायला काय हायड्रॉलिक्स शिकायला लागतं?’’