शेठ एक, दुकानं तीन

आता कसं सांगू तुम्हाला! हसू येतं आणि वाईटही वाटतं. चहा घ्या, तोवर सांगतो.

दत्तू आणि मी कोलकात्याजवळ बराकपूरला लष्कराच्या भटारखान्यात जोडीनं स्वयंपाकी होतो. गेल्या गणपतीत मी चारचौघांत त्याच्या मोदकांना चेंडू म्हणालो. झालं! त्यानं बोलणंच टाकलं. आणि आता तो कोलकाता सोडून कायमचा साताऱ्याला निघाला होता, मुलाकडे. त्याआधी माफी मागायची होती. पण तोंडानं? मला कुठलं जमतंय! म्हटलं, फोनवर लिहू.

दत्तू असतो त्या हिरव्या ॲपवर. माझ्याकडे नेमकं निळं उघडलेलं. सुनेला विचारलं, "अगं, ही दोन वेगळी का?"

ती ऑफिसच्या घाईत. "नाही हो बाबा, मालक एकच. जे चालायला लागलं ते त्यानं विकत घेतलं. फोटोंचंही त्याचंच."

मला हायसं वाटलं. शेठ एक, दुकानं तीन! चिठ्ठी कुठल्याही दुकानात द्या, पोचणारच की! निळ्यावर लिहिलं, 'दत्तू, माझं चुकलं. तुझे मोदक माझ्यापेक्षा सरस. जाताना भेट.'

दत्तूचं उत्तर नाही. पण दुसऱ्या दिवशी एस्प्लनेडच्या बाजारात आमच्या मराठी मंडळाच्या जोशीबाई भेटल्या. "काका, तुमची माफी वाचली हो. डोळ्यांत पाणीच आलं!"

मी गार! यांना कुणी दाखवली?

बसमध्ये मंडळातलेच कुलकर्णी खिदळले, "दत्तूचे मोदक सरस! आता लेखी आहे हं!"

म्हणजे हा दत्तू माझी माफी गावभर वाचून दाखवतोय? माझं डोकंच फिरलं. त्याच्या गाडीच्या दिवशी सून म्हणाली, "चला बाबा, हावडा स्टेशनवर सोडते."

"मुळीच नाही! जाऊ दे त्याला!"

संध्याकाळी तिनं माझा फोन बघितला आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे तुम्ही सगळ्यांना दिसेल असं टाकलंय! आणि दत्तूकाका तर निळ्यावर नाहीतच!"

"पण मालक एकच ना?"

"मालक एकच हो. पण तुमचा निरोप तो इकडून तिकडे नाही नेऊन देत."

सगळ्या मंडळानं मला माफ केलं होतं. ज्यानं करायचं, त्याला पत्ताच नव्हता.

मी लगेच त्याला फोन लावला. पलीकडे गाडीचा खडखडाट.

"दत्तू, चुकलं रे माझं."

तो म्हणाला, "गाडी हलेपर्यंत दारात उभा होतो. तुझ्यासाठी डबा आणला होता, मोदकांचा. आता मीच खातोय."

मी डोळे पुसले. "कसे झालेत?"

"चेंडू!"