नारळाचे दोन दणके

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगणार होतो — दोनदा तोंडापर्यंत आलं — आणि गिळून टाकलं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही कोपरगावचे नाही. आमच्या घरी तुमचं येणं-जाणं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सायकलवेडा माणूस. कार्बनची सायकल घेतली तेव्हा ती एका बोटावर उचलून गल्लीभर दाखवली. दसऱ्याला तिची पूजा — आणि नारळ फोडायचा मान मेव्हण्याचा, म्हणजे माझा.

आमच्याकडे ट्रॅक्टर. त्याच्या पुढच्या लोखंडावर नारळ आपटायची माझ्या हाताला सवय. इथे दगड खाली, पुढच्या चाकाशी ठेवलेला. पण हात ट्रॅक्टरच्याच अंदाजाने गेला — नारळ आधी सायकलच्या खालच्या नळीवर बसला, मग दगडावर, आणि फुटला. सगळ्यांना एकच आवाज आला. ‘‘एका दणक्यात फुटला की,’’ दाजी म्हणाले. मला दोन कळले होते.

पाणी पुसायच्या निमित्ताने वाकलो. रंगाला नखाएवढी चीर. बोटाने वाजवून पाहिलं — बाकी नळी टणटण, तिथे थप्प. आणि मी काय केलं? कुंकू कालवून त्या चिरेवर जाडसर स्वस्तिक काढलं. सणाचा दिवस, चारचौघांत हसं होईल — एवढंच डोक्यात होतं. लोखंडी सायकल किती आपटते, तिला काय होतं? तसंच हिचंही, असं वाटलं.

पण थांबा, खरं पाप पुढेच आहे. काही दिवसांनी चहा पिताना दाजीच मला समजावत होते — ‘‘कार्बन वाकत न्हाई, मेव्हणे. मार बसला की आतल्या आत पदर सुटत्यात. वरून कायबी दिसत न्हाई. अन् एक दिवस कडकन जातंय.’’ मी ऐकलं. सगळं समजलं. आणि बशीत चहा ओतला. तेव्हा तरी तोंड का उघडलं नाही? मला माहीत नाही, खरंच.

दिवाळीनंतर भंडारदऱ्याच्या उतारावर ती मोडली. त्यांच्या सोबत्याने फोटो पाठवला — दोन तुकडे. मी तो मोठा करून पाहिला. तुटलेल्या कडेला अजून कुंकू होतं. दाजींनी ते पुसूच दिलं नव्हतं.

दाजी वाचले. जबडा मोडला. आता अर्धे शब्द तोंडातच राहतात, भाकरी ताई दुधात कुस्करून देते. खड्डा आपल्याच ध्यानात आला नाही, असं ते सांगतात. मी मान डोलावतो — आणि ती डोलते कशी, याचा धक्का मला दर वेळी नव्याने बसतो.

‘‘त्या कुंकवानंच वाचवलं रे त्यांना,’’ ताई म्हणाली.

यंदाच्या दसऱ्याला लोखंडी सायकल होती. दाजी काहीतरी बोलायला गेले, जमलं नाही, मग नारळ नुसताच माझ्या हातात ठेवला. मी घेतला. खाली बसून, जपून, दगडावर फोडला.