मोकोंचं रिंगण

कारियाकू बेटावर कोरड्या दिवसांतला वारा सकाळपासून नुसता पिसाटला होता. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढवून इस्मे मक्याचं पीठ घोटत होती. धूर डोळ्यांत, धूळ पिठात. आज तिच्या बापाच्या थडग्यावर दगड बसायचा होता. म्हणजे गावजेवण आलं, ढोल आले.

"घोट गं नीट! गुठळी राहिली तर बाप उठून येईल तुझा," शेजारची व्हेरोना मावशी म्हणाली.

इस्मे हसली आणि जोरानं घोटू लागली. बेटावर दर कुळाचा ढोलाचा ताल वेगळा, नाचही वेगळा; बाप मोको कुळाचा. गावात मोकोंचं हे एवढंच घर, म्हणून लहानपणी पोरांनी तिला चिडवून चिडवून रडवलेलं. लग्न झालं तशी ती नवऱ्याच्या क्रोमांटी कुळाच्या तालावर नाचायला लागली, ती कायमचीच. ती मोकोंची लेक हे लोकही विसरले असतील, असं ती धरून चालली होती.

दुपार कलली. दगड बसला, त्यावर रम शिंपडली. बापाच्या नावानं वाढलेलं ताट टेबलावर झाकून ठेवलं. कातड्यावर टाचण्यांचा दोरा ताणलेला मधला ढोल म्हाताऱ्या नेव्हलिनबाबानं मांड्यांत धरला. क्रोमांटी कुळाचा ताल वाजला, इबो कुळाचा वाजला. ज्याचा ताल तो उठला, घागऱ्यांचे घेर फिरले. मग नेव्हलिनबाबानं मोकोंचा ताल धरला.

रिंगण मोकळंच.

ज्याच्यासाठी ढोल आणले, त्याच्याच तालाला माणूस नाही. इस्मेनं मान खाली घातली.

"संपले वाटतं मोको," बायकांतून कुणीतरी बोललं.

"संपतायत कसले! ती बघ, पातेल्याआड बसलीय," बाबा हात न थांबवता म्हणाला. "पोरी, बापाला किती ताटकळत ठेवशील?"

ती उठली. पण पाय क्रोमांटीचेच पडले, उड्या घेत, तोऱ्यात. लेकच बापाच्या रिंगणात परक्यासारखी! बायका तोंडावर हात धरून हसल्या. इस्मे जागीच थांबली.

"बाबा, मला येत नाही."

"कसं येईल? तो एकटा नाचायचा, तेव्हा तू पाठ फिरवून बसायचीस. पाय घासत चाल. उचलू नकोस."

ती पाय घासत फिरली, वाकून, ढोल थांबेपर्यंत. कुणी वाहवा केली नाही. झाकल्या ताटाकडे तर तिला बघवेचना.

ती पातेल्यापाशी आली, मूठभर वाळू घेतली आणि बुडाला लागलेलं पीठ घासायला बसली.